पॉवर बीआयचा रिफ्रेश कधी होतो, कधी फेल जातो: नेमकं कुठे अडकतंय ते कसं शोधायचं

नाशिकजवळच्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात एमआयएसला (कंपनीचे रोजचे रिपोर्ट बनवायचं काम) नव्याने लागलेली मुलं-मुली सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, की सर, सोमवारी रिफ्रेश झाला, मंगळवारी फेल गेला, बुधवारी मी काहीच केलं नाही तरी परत झाला, आता शोधू काय? प्रश्न रास्त आहे. रिफ्रेश म्हणजे पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरने सोर्समधून ताजा डेटा ओढणं. रोज फेल होणारी गोष्ट कधीही उघडा, चूक समोरच असते. पण आठवड्यातून दोनदा फेल जाणारा रिफ्रेश तुम्ही बघायला बसलात की नेमका नीट पूर्ण होतो. मग बहुतेक जण ‘रिफ्रेश नाऊ’ दाबतात, हिरवी खूण आली की पुढच्या कामाला लागतात आणि शुक्रवारी परत तेच. हाताने दाबून रिफ्रेश झाला यातून एवढंच कळतं की सकाळी साडेदहाला सगळं जागेवर होतं, पहाटे पाचला काय बिनसलं होतं ते कळत नाही.

म्हणून अशा केसमध्ये ‘का फेल गेला’ याच्या आधी ‘केव्हा फेल गेला’ आणि ‘कोणती कडी आधी पडली’ हे दोन प्रश्न सोडवायचे. ही दोन उत्तरं हातात आली की कारणांची यादी भराभर लहान होते. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय. पॉवर बीआय धरून लिहितोय कारण इकडच्या कंपन्यांत तेच जास्त दिसतं.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पॅकहाउस आणि हिशोबाचं ऑफिस अंबडला. बिलं टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर), वजनकाटा आणि क्रेटची आवक एसक्यूएल सर्व्हरमध्ये, डिस्पॅचवाल्यांची एक एक्सेल शेअर्ड फोल्डरमध्ये. या तिन्हींतून कच्चा डेटा उचलणारा पहिला डेटाफ्लो (डेटा ओढून, साफ करून क्लाउडमध्ये ठेवणारी पॉवर बीआयची पायरी), त्याची टेबलं लिंक करून हिशोब लावणारा दुसरा डेटाफ्लो, त्याच्यावर सिमँटिक मॉडेल (ज्यावर रिपोर्ट उभा असतो ती जोडलेली टेबलं, याचंच जुनं नाव डेटासेट), आणि शेवटी साहेबांच्या मोबाईलवर उघडणारा रिपोर्ट.

पायरी १: साखळी कागदावर काढा

वर्कस्पेसमध्ये लीनिएज व्ह्यू असतो, तिथे कुठला सोर्स कुठल्या डेटाफ्लोत जातो आणि तिथून पुढे कुठे, हे बाणांनी दिसतं. ते स्क्रीनवर बघून सोडू नका, कागदावर उतरवा, आणि प्रत्येक कडीच्या शेजारी लिहा की ती कोणत्या वर्कस्पेसमध्ये आहे, तिचं शेड्यूल किती वाजताचं, एरवी किती मिनिटं लागतात, गेटवे (ऑफिसातल्या मशीनवरचा डेटा क्लाउडपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) लागतो का, आणि ओनर कोण. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो पण नाही, कारण बऱ्याच ठिकाणी ओनर म्हणून वर्षभरापूर्वी कंपनी सोडून गेलेल्या माणसाचं नाव निघतं आणि फेल झाल्याचे सगळे ईमेल त्या बंद खात्यात जाऊन पडत असतात. असं असेल तर आजच टेक ओव्हर करा, म्हणजे ओनर तुम्ही व्हा, आणि मॉडेलच्या रिफ्रेश सेटिंगमध्ये फेल झाल्यावर कळवायच्या यादीत अजून एक-दोन जणांचे पत्ते टाका.

इथेच अजून एक बघून घ्या. शेड्यूल रिफ्रेश लागोपाठ ४ वेळा फेल गेला की पॉवर बीआय शेड्यूल स्वतःच बंद करतं, आणि पासवर्ड चुकीचा असल्यासारखी न सुटणारी चूक असेल तर ४ वेळांची वाटही बघत नाही. शेड्यूल बंद झालं की फेलचे ईमेलही थांबतात, आणि ऑफिसात सगळ्यांना वाटतं की चला, प्रॉब्लेम गेला! त्यामुळे ईमेल येत नाही हा पुरावा धरू नका, शेड्यूल चालू आहे का ते डोळ्याने बघा.

पायरी २: दोन आठवडे नुसती नोंद ठेवा

रिफ्रेश हिस्टरी उघडा, डेटाफ्लोची हिस्टरी तर सीएसव्ही म्हणून डाउनलोडही होते आणि त्यात कुठलं टेबल किती वेळ चाललं नि कुठलं पडलं ते वेगवेगळं मिळतं. एक साधी एक्सेल करा, तारीख, वार, ठरलेली वेळ, खरी सुरू झालेली वेळ, संपलेली वेळ, कोणती कडी, एररची पहिली ओळ, आणि शेवटचा एक रिकामा रकाना ज्यात त्या वेळी ऑफिसात काय चालू होतं ते लिहायचं, म्हणजे लाइट गेली होती, बॅकअप चालू होता, महिनाअखेर होती, नाइट शिफ्टचा माणूस शीट भरत होता, असं काहीही. या रकान्याला बरेच जण फाटा देतात आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. ही माहिती सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळत नाही, वॉचमनला, डिस्पॅचच्या दादांना, अकाउंटच्या ताईंना विचारावी लागते.

ज्या दिवशी रिफ्रेश व्यवस्थित झाला त्या दिवसाचीही नोंद करा. एरवी २२ मिनिटांत होणारा रिफ्रेश फेल व्हायच्या आदल्या दिवशी ५५ मिनिटं चालला असेल तर ती खूण आहे, आणि नुसते फेल लिहिले तर ती दिसणारच नाही.

नोंदीतून साधारण चार-पाच प्रकारचे नमुने निघतात. ठरावीक वाराला फेल, ठरावीक वेळेला फेल, महिन्याच्या ठरावीक तारखांना फेल, सीझनमध्येच फेल, किंवा लाइट-नेट गेलं की फेल. वेळेचा आणि तारखेचा नमुना फार बोलका असतो, त्यावर पुढे येतोच.

पायरी ३: लाल खूण दिसते तिथेच चूक असते असं नाही

लिंक्ड टेबलांच्या बाबतीत नवीन माणूस हमखास चकतो तो इथे, म्हणून जरा सावकाश वाचा. लिंक्ड टेबल म्हणजे एका डेटाफ्लोतलं टेबल दुसऱ्यात जोडून वापरणं; ज्यातून घेतलं तो वरचा डेटाफ्लो, ज्यात वापरलं तो खालचा. लिंक्ड टेबलं प्रीमियम, पीपीयू (प्रीमियम पर यूजर) किंवा फॅब्रिक कपॅसिटी या वरच्या लायसन्सवर चालतात, साध्या प्रोवर नाही. दोन्ही डेटाफ्लो एकाच वर्कस्पेसमध्ये असतील तर वरचा रिफ्रेश सुरू झाला की खालची त्याच्यावर अवलंबून असलेली टेबलं आपोआप रिफ्रेश होतात, त्यांना वेगळं शेड्यूल लागत नाही. आणि हे सगळं एकदमच पक्कं केलं जातं, म्हणजे खालच्या डेटाफ्लोत काही पडलं तर वरचाही फेल धरला जातो. आपल्या उदाहरणात हिशोबाच्या डेटाफ्लोत एका कॉलमचा घोळ झाला तर कच्च्या डेटाफ्लोवरही लाल खूण येणार, आणि तुम्ही दोन दिवस टॅली आणि गेटवे तपासत बसणार, जिथे काहीच झालेलं नाही.

दुसरा डेटाफ्लो वेगळ्या वर्कस्पेसमध्ये असेल तर मामला उलटा. तिथे वरचा डेटाफ्लो म्हणजे बाहेरचा एखादा सोर्स असल्यासारखा वागवला जातो, आपोआप काही सुरू होत नाही, शेड्यूल तुम्हालाच लावावं लागतं. आणि मॉडेलचं तर कायमच वेगळं. डेटाफ्लो रिफ्रेश झाला म्हणून मॉडेल स्वतःहून रिफ्रेश होत नाही, शेजारी-शेजारी एकाच वर्कस्पेसमध्ये असले तरी नाही.

आता शेड्यूलची गंमत बघा. तुम्ही ५ वाजताची वेळ दिली म्हणजे ५ वाजता सुरू होईलच असं नसतं. पॉवर बीआय ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांत सुरू करायचा प्रयत्न करतं, पण तासाभरापर्यंत उशीर होऊ शकतो, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे. मग डेटाफ्लो ५ ला, त्याला लागतात २५ मिनिटं, आणि मॉडेल साडेपाचला, हे गणित कागदावर बसतं, प्रत्यक्षात काही दिवस बसतं आणि काही दिवस नाही. ज्या दिवशी नाही बसत त्या दिवशी मॉडेल बहुतेक वेळा फेलसुद्धा जात नाही, कालचाच डेटा उचलतं आणि हिरवी खूण दाखवतं. माझ्या मते हे फेल होण्यापेक्षा वाईट, कारण फेल झालेलं निदान दिसतं, इथे मात्र पॅकहाउसला कालच्या आवकेवर आजचे ट्रक मागवले जातात.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा. पहिला, प्रत्येक डेटाफ्लोत एका ओळीचं छोटं टेबल ठेवा ज्यात रिफ्रेश झाला तेव्हाची वेळ पडेल, आणि ती वेळ पुढच्या कडीतून थेट रिपोर्टच्या कोपऱ्यात आणा. मग रिपोर्ट उघडल्या उघडल्या दिसतं की कच्चा डेटा कालच्या ५:१२ चा, हिशोब कालच्या ५:३१ चा, मॉडेल मात्र आजच्या ५:३० चं, आणि गडबड कुठे झाली ते तिथल्या तिथे कळतं. दुसरा, घड्याळावर साखळी चालवणं सोडा. पॉवर ऑटोमेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचं कामं आपोआप चालवायचं टूल) डेटाफ्लोचा रिफ्रेश पूर्ण झाल्यावर सुरू होणारा ट्रिगर आहे, त्याच्यापुढे रिफ्रेश यशस्वी झाला असेल तरच अशी अट टाका आणि मग मॉडेल रिफ्रेश करायची ॲक्शन लावा. फक्त प्रो लायसन्सवर मॉडेलला दिवसाला ८ रिफ्रेश आहेत आणि असे बाहेरून चालवलेले रिफ्रेशही त्याच ८ मध्ये मोजले जातात, प्रीमियम किंवा पीपीयूला शेड्यूलचे ४८ मिळतात, तेव्हा त्या हिशोबाने ठरवा.

अजून एक, खालचा डेटाफ्लो दोन वरच्या डेटाफ्लोंवर अवलंबून असेल तर दोघांपैकी कुणीही पूर्ण झाला की तो हलतो, म्हणजे सकाळी दोनदा चालतो, आणि पहिल्यांदा चालतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा डेटा अजून कालचाच असतो. बिलं आजची आणि क्रेट कालचे असा जोड लागला की बेरजा चुकतात. जमत असेल तर दोन वरचे डेटाफ्लो एकत्र करा.

पायरी ४: एररची ओळ पूर्ण वाचा

एरर लांबलचक असतो म्हणून लोक वाचतच नाहीत. त्यात एवढंच शोधा की तक्रार गेटवेची आहे, सोर्सची आहे की डेटाची. कोड ‘डीएम जीडब्ल्यू पाइपलाइन’ असा सुरू होत असेल तर गेटवेकडे जा. ‘द की डिडन्ट मॅच एनी रोज इन द टेबल’ असं असेल तर क्वेरी ज्या नावाची शीट, टेबल किंवा फोल्डर शोधतेय ते त्या वेळी तिला सापडलं नाही, म्हणजे कुणीतरी शीटचं नाव बदललं, किंवा परवानगी गेली. ‘बीइंग यूज्ड बाय अनदर प्रोसेस’ म्हणजे एक्सेल कुणीतरी उघडी ठेवून घरी गेलंय. ‘कंटेन्स अ डुप्लिकेट व्हॅल्यू’ म्हणजे नेट-लाइट-गेटवे सगळं ठीक, डेटातच दोनदा आलेली नोंद आहे.

पायरी ५: गेटवेचं मशीन

इकडच्या छोट्या-मध्यम कंपन्यांत गेटवे बहुतेक वेळा अकाउंटवाल्यांच्या पीसीवर टाकलेला असतो, आणि तिथून निम्मे त्रास सुरू होतात. संध्याकाळी शेवटचा माणूस सगळे पीसी बंद करून जातो, ज्या दिवशी विसरतो त्या दिवशी रिफ्रेश होतो. पीसी बंद नाही केला तरी तो झोपतो, म्हणून स्लीप आणि हायबरनेट दोन्ही बंद करा. विंडोज अपडेटचा रिस्टार्ट पहाटे ठरलेला असतो, तो रिफ्रेशच्या वेळेपासून लांब न्या. जमलं तर वेगळं मशीनच द्या, मायक्रोसॉफ्टची शिफारस ८ कोर, ८ जीबी रॅम आणि एसएसडीची आहे, वायफायवर नको, केबलने जोडा.

मे-जूनमधला वळवाचा पाऊस आला की लाइट ये-जा करते आणि त्या आठवड्यात रिफ्रेशची हिस्टरी लाल होते. यूपीएस पीसीला असतो पण राउटर आणि फायबरचा डबा साध्या प्लगवर असतो, मग पीसी चालू आणि नेट बंद. दोन्ही यूपीएसवर घ्या. बायोसमध्ये लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचं सेटिंग असतं ते चालू करा, आणि विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये गेटवेची सर्व्हिस ऑटोमॅटिक आहे का ते बघा. स्टँडर्ड गेटवे सर्व्हिस म्हणून चालतो, त्याला कुणी लॉगिन करायची गरज नसते, त्यामुळे मशीन नुसतं उठलं तरी काम होतं. पर्सनल मोडवाला गेटवे मात्र एकट्याच्या वापरासाठी आहे, कंपनीच्या साखळीला तो नको.

आणि नेमकं सर्व्हिस असल्यामुळेच एक वेगळा घोळ होतो. गेटवे तुमच्या नावाने चालत नाही, त्याच्या स्वतःच्या सर्व्हिस खात्याने चालतो. त्यामुळे तुम्हाला दिसणारी झेड ड्राइव्ह त्याला दिसत नाही, सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पाथ द्यावा लागतो. ओडीबीसीत (विंडोजची डेटाबेसशी जोडणी करायची सोय) यूजर डीएसएन, म्हणजे फक्त तुमच्या लॉगिनपुरती साठवलेली जोडणी, केला असेल तर तोही त्याला दिसत नाही, सिस्टीम डीएसएन करा, आणि ड्रायव्हर ६४ बिटचा घ्या.

टॅलीचं तर वेगळंच सांगावं लागेल. टॅलीचा ओडीबीसी सर्व्हर टॅली उघडी असतानाच चालतो, साधारण ९००० या पोर्टवर, आणि हवी ती कंपनी लोड असावी लागते. पहाटे ५ ला टॅली कोण उघडी ठेवणार? ज्या दिवशी अकाउंटच्या ताई टॅली बंद न करता फक्त स्क्रीन लॉक करून जातात त्या दिवशी रिफ्रेश होतो, बाकी दिवशी नाही, आणि पॉवर बीआयच्या स्क्रीनवर बघत बसलात तर हे जन्मात कळणार नाही. माझा सल्ला असा की टॅलीला पहाटेच्या साखळीत थेट गुंतवूच नका. संध्याकाळी टॅली चालू असतानाच बिलं एसक्यूएलमध्ये किंवा ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून काढून ठेवायची सोय करा आणि पहाटे तिथून उचला.

गेटवेच्या ॲपमध्ये डायग्नॉस्टिक्सचा टॅब आहे, तिथून पोर्टची टेस्ट चालवता येते आणि लॉग बाहेर काढता येतात. गेटवेला बाहेर जाणारं ४४३ तर लागतंच, शिवाय ५६७१, ५६७२ आणि ९३५० ते ९३५४ हेही वापरले जातात, कंपनीने नवीन फायरवॉल बसवली असेल तर आयटीवाल्यांना हे आकडे द्या. लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा, नाहीतर पाचच्या फेलसाठी तुम्ही भलत्याच ओळी वाचाल. गेटवेचं नवं व्हर्जन दर महिन्याला येतं आणि मायक्रोसॉफ्ट शेवटच्या ६ व्हर्जनांनाच सपोर्ट देतं, वर्षभर अपडेट न केलेला गेटवे असेल तर आधी तो अपडेट करा, मग पुढचं बोला. आणि रिकव्हरी की (गेटवे बसवताना दिलेला, तो दुसऱ्या मशीनवर हलवायला लागणारा पासवर्ड) कुठे लिहून ठेवलीय ते आजच शोधा.

पायरी ६: तारखा, घड्याळ आणि डुप्लिकेट

महिन्याच्या १ ते १२ तारखेपर्यंत सुरळीत आणि १३ पासून फेल, असा नमुना नोंदीत दिसला तर डोळे झाकून तारखेच्या फॉरमॅटकडे जा. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकन सेटिंग आधी महिना धरतं. ०५/०३ ही आपली ५ मार्च, तिकडे ती ३ मे होऊन गुपचूप आत जाते, आणि १३/०३ आली की तेरावा महिना नसल्यामुळे एरर. म्हणजे फेल झालेले दिवस प्रामाणिक असतात, चालून गेलेल्या दिवसांचा डेटा चुकलेला असतो. पॉवर क्वेरीत (डेटा ओढताना साफ करायची पॉवर बीआयमधली सोय) कॉलमचा टाइप बदलताना ‘युझिंग लोकेल’ निवडा आणि इंग्लिश इंडिया द्या. नंतर मागच्या तारखाही तपासून दुरुस्त करून घ्या.

दुसरं घड्याळाचं. पॉवर बीआयच्या क्लाउडमध्ये चालणारी क्वेरी ‘आत्ता किती वाजले’ विचारते तेव्हा तिला यूटीसी मिळतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ५ वाजता तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा असतात. डिस्पॅचचं वर्कबुक शेअर्ड फोल्डरऐवजी शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन फोल्डर), म्हणजे गेटवेशिवाय असेल, त्यात रोज त्या तारखेच्या नावाची शीट बनत असेल आणि तुमची क्वेरी ‘आजची’ शीट शोधत असेल तर साडेपाचच्या आधी सुरू झाली तर कालची शोधणार आणि साडेपाचनंतर सुरू झाली तर आजची. वर सांगितलेला सुरू होण्याचा उशीर इथे आणून जोडा, म्हणजे ५ चं शेड्यूल एक दिवस ५:०५ ला सुटतं, एक दिवस ५:३५ ला, आणि त्यावर नशीब ठरतं. त्यात गेटवेवरून चालणारी क्वेरी गेटवेच्या मशीनचं घड्याळ बघते, तिथे भारतीय वेळ असते, म्हणजे पहिल्या डेटाफ्लोत एक तारीख आणि क्लाउडमध्ये चालणाऱ्या दुसऱ्यात वेगळी तारीख, एकाच सकाळी. उपाय सोपा आहे, लोकल वेळ मागूच नका, यूटीसी वेळ घ्या आणि डेटटाइमझोनच्या स्विचझोन फंक्शनने ५ तास ३० मिनिटांवर आणा. सगळ्या कड्यांत तीच ओळ वापरा.

डुप्लिकेटचं कारण शोधायला जास्त वेळ जातो कारण पॉवर क्वेरीत तुम्ही रिमूव्ह डुप्लिकेट्स केलेलं असतं, तरी मॉडेल डुप्लिकेट म्हणून ओरडतं. कारण पॉवर क्वेरीला इंग्रजीतलं मोठं-लहान अक्षर वेगळं दिसतं आणि मॉडेलच्या इंजिनला ते एकच. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेसही इंजिन काढून टाकतं. म्हणून एखाद्या पार्टीचं नाव एकाने सगळं कॅपिटलमध्ये टाकलं आणि दुसऱ्याने साधं, तर पॉवर क्वेरीला त्या दोन पार्ट्या, मॉडेलला एकच पार्टी दोनदा, आणि रिलेशनशिपच्या (दोन टेबलांच्या जोडाच्या) ‘वन’ बाजूला, जिथे प्रत्येक नाव एकदाच यायला हवं, ते चालत नाही. ज्या दिवशी नवीन पार्टी अशी टाकली जाते त्याच दिवशी फेल, मग कुणीतरी मास्टर दुरुस्त केला की परत सुरू. आधी ट्रिम, मग अपरकेस, आणि त्यानंतर रिमूव्ह डुप्लिकेट्स, हा क्रम ठेवा.

१ एप्रिललाही हेच होतं. बिल नंबर आर्थिक वर्षापुरताच वेगळा असायचं बंधन असतं, त्यामुळे बऱ्याच कंपन्या एप्रिलमध्ये परत १ पासून सुरू करतात. नुसत्या बिल नंबरावर रिलेशनशिप बांधली असेल तर नवं वर्ष लागलं की मॉडेल पडतं. की बनवताना आर्थिक वर्ष जोडा.

एररच्या ओळी दिसल्या की ‘रिमूव्ह एरर्स’ दाबून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरा. रिफ्रेश हिरवा होतो पण त्या ओळींतली रक्कमही गेलेली असते आणि शेतकऱ्याच्या नावावरचे क्रेट कमी दिसतात. ‘कीप एरर्स’ वापरून त्या ओळी वेगळ्या टेबलात काढा आणि ज्याने एन्ट्री केली त्याला दाखवा.

पायरी ७: सीझनमध्येच फेल जात असेल तर

जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा जोर. डिसेंबरात ४० मिनिटांत होणारा रिफ्रेश मार्चमध्ये दोन तासांवर जातो आणि प्रोवर मॉडेलच्या रिफ्रेशला २ तासांचीच मुदत आहे, प्रीमियमवर ५ तासांची. मॉडेलचा आकारही प्रोवर १ जीबीपर्यंतच चालतो. एसक्यूएल सर्व्हरच्या क्वेरीला पॉवर क्वेरीत काही सांगितलं नसेल तर १० मिनिटांचा टाइमआउट असतो, तो कमांड टाइमआउटमधून वाढवता येतो, पण नुसता वाढवून भागत नाही. क्वेरी १० मिनिटं का घेतेय ते बघा. नको असलेले कॉलम पहिल्याच पायरीत काढा, जुन्या सीझनचा डेटा रोज परत ओढू नका, इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावा, म्हणजे फक्त नवा-बदललेला डेटाच ओढला जाईल. मॉडेलवर तो प्रोमध्येही मिळतो, डेटाफ्लोवर प्रीमियम लागतं. एसक्यूएलचा बॅकअप किंवा इंडेक्सचं काम पहाटे त्याच वेळी चालत असेल तर दोघांपैकी एकाला हलवा. अर्धा तास इकडेतिकडे केल्यावर कित्येकदा बाकी काही करावं लागत नाही.

पायरी ८: पासवर्ड

हे पटकन सांगतो. ठरावीक ६० किंवा ९० दिवसांनी फेल जात असेल तर कुणाच्या तरी वैयक्तिक पासवर्डवर साखळी चाललीय, पासवर्ड बदलला की तुटते. एसक्यूएलला वेगळं वाचण्यापुरतं खातं मागून घ्या. शेअरपॉइंटची लॉगिन पुन्हा साइन इन करून ताजी करा, आणि त्या माणसाचं खातं बंद होणार असेल तर आधीच दुसऱ्याच्या नावावर घ्या. डिस्पॅचची एक्सेल शेअरपॉइंटवर हलवली तर तिला गेटवेच लागत नाही, ही एक कडी कमी होते, आणि फाइल उघडी राहिल्याची कटकटही बरीच सुटते.

बदल एकावेळी एकच करा

चार गोष्टी एकदम बदलल्या आणि रिफ्रेश सुधारला तर कशाने सुधारला ते कळत नाही, आणि दोन महिन्यांनी परत बिघडला की पहिल्यापासून सुरुवात. एक बदल करा, नोंदीच्या एक्सेलमध्ये तारीख टाकून लिहा, आणि नमुन्याप्रमाणे थांबा. सोमवारीच फेल जात असेल तर दोन-तीन सोमवार जाऊ द्या, १३ तारखेचा प्रकार असेल तर पुढची १३ तारीख बघा, ‘कालपासून ठीक चाललंय’ एवढ्यावर साहेबांना सुटलं म्हणून सांगू नका.

कुठली कडी पडतेय ते ठरत नसेल तर साखळी मधूनच तोडून बघा. हिशोबाच्या डेटाफ्लोची एक कॉपी करा, तिच्यात लिंक्ड टेबलांऐवजी कालच्या डेटाची एक साधी फाइल जोडा आणि तिला त्याच पहाटेच्या वेळेचं शेड्यूल लावा. मूळ साखळी पडली आणि कॉपी चालली तर दोष वरच्या बाजूला, दोन्ही पडल्या तर हिशोबाच्या डेटाफ्लोत.

एवढं करूनही सुटलं नाही तर सपोर्टकडे जा, पण रिकाम्या हाताने नको. एररच्या तपशिलातला रिक्वेस्ट आयडी आणि ॲक्टिव्हिटी आयडी कॉपी करा, फेल झालेल्या वेळा यूटीसीमध्ये लिहा, गेटवेचं व्हर्जन आणि त्या वेळचे लॉग जोडा, साखळीच्या कागदाचा फोटो आणि दोन आठवड्यांची नोंद द्या. ‘कधी कधी फेल होतं’ असं लिहिलेलं तिकीट परत तुमच्याकडेच प्रश्न विचारत येतं. ‘गेल्या पंधरवड्यात ५ वाजताचा रिफ्रेश ५:३० नंतर सुटला तेव्हाच चालला, त्याआधी सुटला तेव्हा पडला, साडेसातचा एकदाही पडला नाही’ असं लिहिलंत तर समोरच्याला पहिल्याच दिवशी कामाला लागता येतं.